दुर्बिणीची काच आणि असमान ऊब

काचेचे भिंग किंवा काचेचा आरसा ही वरवर पाहता अत्यंत स्थिर वस्तू वाटते. ती गंजत नाही, ओलाव्याने फुगत नाही, आणि एकदा घासून चकचकीत केली की दोन-तीन पिढ्या निमूटपणे तेच काम करीत राहते, असा समज सर्वसाधारणपणे असतो. चष्म्याच्या किंवा साध्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तो खोटाही ठरत नाही. खगोलवेध घेणाऱ्यांना मात्र या स्थैर्याविषयी फार पूर्वीच शंका आली, कारण त्यांच्या कामातील चुकीचे माप प्रकाशाच्या तरंगलांबीने घ्यावे लागते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास असते, आणि प्रतिमा निर्दोष हवी असेल तर दुर्बिणीतून येणाऱ्या प्रकाशलहरीत या लांबीच्या पावपटीहून अधिक वाकडेपणा येता कामा नये, असा दंडक लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घालून दिला. पावपट म्हणजे सुमारे १४० नॅनोमीटर. एवढा बिघाड होण्यास काचेवर घाव बसावा लागत नाही. हाताची ऊब पुरते.

तापमान बदलले की भिंगाच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. तापमान वाढताना काच प्रसरण पावते, तिच्या पृष्ठांची वक्रता किंचित कमी होते आणि त्यामुळे भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर पडते ते अंतर, वाढते. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशकिरण वाकवण्याची तिची क्षमता दर्शवणारा आकडा, तोही बदलतो, आणि नेहमीच्या वापरातील बहुतेक काचांत तो तापमानाबरोबर अल्पसा वाढत असल्यामुळे नाभीय अंतर उलट कमी होऊ पाहते. तिसरी गोष्ट भिंगाबाहेरची आहे. भिंग ज्या कड्यात आणि नळीत बसवलेले असते त्या धातूची लांबी-रुंदीही बदलते. दुर्बिणींत आणि कॅमेऱ्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या बोरोसिलिकेट क्राउन जातीच्या काचेत पहिले दोन परिणाम एकमेकांना बहुतांशी खोडून काढतात. अशा काचेच्या, एक मीटर नाभीय अंतराच्या भिंगात अंशामागे जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरचा फरक पडतो, आणि त्याच एका अंशाने एक मीटर लांबीची अॅल्युमिनियमची नळी मात्र सुमारे २३ मायक्रोमीटर वाढते. भिंगाच्या माथी मारला जाणारा दोष पुष्कळदा असा नळीचा असतो.

हे सारे, संपूर्ण काच एकाच तापमानाला आहे असे गृहीत धरून. तसे असेल तर बिघाड केवळ प्रतिमेची जागा सरकण्याचा असतो आणि नेत्रिका, म्हणजे डोळा लावण्याचे भिंग, थोडी पुढेमागे करून तो निस्तरता येतो. खरे नुकसान होते ते काचेच्या एका भागात ऊब आणि दुसऱ्या भागात गारवा असला म्हणजे. एका बाजूने तापलेली चकती निखाऱ्यावरच्या पापडाप्रमाणे वाकते, फरक एवढाच की हे वाकणे डोळ्यांना दिसत नाही. अडीच मीटर व्यासाच्या आणि ३३ सेंटिमीटर जाडीच्या साध्या काचेच्या चकतीच्या पुढच्या व मागच्या बाजूंत केवळ एका अंशाचा फरक असला, तरी मध्याच्या तुलनेत तिची कड सुमारे २२ मायक्रोमीटरने हलते, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या दीडशे पटींहून अधिक. त्यातही हा फरक पृष्ठभर सारखा असता तर नेत्रिकेने भागले असते. प्रत्यक्षात कड लवकर निवते, मध्यभाग उशिरा निवतो, आणि आरशाला असा आकार येतो की त्याला एकच एक नाभी उरत नाही. काच उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे एवढ्या जाड चकतीला आतपर्यंत बाहेरच्या हवेचे तापमान येण्यास कित्येक तास लागतात, आणि तोवर रात्र सरत आलेली असते. दुर्बिणीचा वैरी थंडी किंवा उन्हाळा नसून उष्णतेची असमान वाटणी आहे, ही गोष्ट कळायला आणि कळल्यावर तिच्यावर इलाज सापडायला दोनशे वर्षे लागली. त्यांतील निर्णायक टप्पे वेधशाळांत जेवढे पार पडले, तेवढेच दिव्याच्या चिमण्या आणि स्वयंपाकाची भांडी करणाऱ्या कारखान्यांत पार पडले.

विल्यम हर्शेल यांना या प्रश्नाची पहिली झळ ओतकामातच लागली. त्यांचे आरसे काचेचे नव्हते. तांबे आणि कथील यांच्या स्पेक्युलम नावाच्या ठिसूळ, पांढऱ्या मिश्रधातूचे होते. १७८१ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे राहत्या घराच्या तळघरात त्यांनी तीन फुटी आरसा ओतण्याचा घाट घातला. साच्यासाठी लागणारी घोड्याची लीद कुटून, चाळणीने चाळून देण्याचे काम त्यांची बहीण कॅरोलिन हिने केले. पहिला आरसा निवताना तडकला. दुसऱ्या खेपेस भट्टीतून वितळलेला रस फरशीवर वाहिला आणि फरशीचे दगड फटाफट फुटून उडू लागल्याने सर्वांना बाहेर पळावे लागले. पुढे ९ नोव्हेंबर १८०२ रोजी झालेल्या बुधाच्या अधिक्रमणाचे, म्हणजे सूर्यबिंबावरून बुध सरकत जाण्याच्या घटनेचे, वेध घेताना आरसे केव्हा नीट काम करतात आणि केव्हा करीत नाहीत याचा त्यांनी पद्धतशीर विचार केला, आणि १८०३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अधिक्रमणाच्या वृत्तांताला जोडून आरशांच्या कामात अडथळा आणणाऱ्या कारणांची चर्चा प्रसिद्ध केली. उष्णता लागली की आरशाचे नाभीय अंतर बदलते, ही बाब तेव्हापासून छापील शास्त्रात आली. इलाज मात्र एकच होता, वाट पाहण्याचा. दुर्बीण उघड्या हवेत ठेवायची आणि धातू निवेपर्यंत थांबायचे. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी १८४० च्या दशकात सहा फुटी आरसा ओतला, तेव्हा तो भट्टीतच सुमारे सोळा आठवडे हळूहळू निववला होता.

काचेच्या बाबतीत हीच क्रिया अधिक नाजूक ठरते. वितळलेली काच घट्ट होताना बाहेरचा थर आधी आवळतो आणि आतला मागाहून, त्यामुळे गोळ्यात कायमचा ताण राहतो. तो ताण निघून जावा म्हणून काच दिवसेंदिवस, कधी महिनोन्‌महिने मंद गतीने थंड करण्याच्या क्रियेस अनुशीतन म्हणतात. ताण राहिलेली काच घासताना फुटते, आणि फुटली नाही तरी तिच्यातून जाणारा प्रकाश वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा वाकतो. ध्रुवित प्रकाशात अशा काचेत रंगीत पट्टे उमटतात हे सीबेक आणि ब्रूस्टर यांनी १८१० च्या दशकात दाखवले आणि तेव्हापासून काच न फोडता तिच्या पोटातला ताण पाहण्याची सोय झाली. म्युनिकजवळील बेनेडिक्टबॉयर्न येथील मठाच्या जागेत योझेफ फ्राउनहोफर यांनी, स्विस कारागीर गिनाँ यांच्या काच ढवळण्याच्या पद्धतीचा आधार घेऊन, एकजिनसी काचेची भिंगे तयार केली. १८२४ मध्ये डॉरपाट येथे बसवलेल्या त्यांच्या दुर्बिणीचे २४ सेंटिमीटरचे वस्तुभिंग हे या कारागिरीचे शिखर होते. तरीही भट्टीतून ताणरहित बाहेर पडलेले भिंग रात्रीच्या हवेत कसे वागेल, याचा हिशेब भट्टीवाल्यांकडे नव्हता.

तो हिशेब डोळ्यांना दिसू लागला तो लेआँ फूको यांच्या एका साध्या युक्तीमुळे. १८५७ मध्ये त्यांनी धातूच्या आरशाऐवजी काचेवर चांदीचा पातळ थर दिलेला आरसा प्रचारात आणला आणि लगेच पुढच्या काळात त्याच्या तपासणीची पाते-चाचणी शोधली. आरशाच्या वक्रताकेंद्राशी प्रकाशाचा एक सूक्ष्म बिंदू ठेवायचा, परतून येणारे किरण जिथे एकवटतात तिथे पात्याची धार हळूच आडवी सरकवायची, आणि पात्यामागून डोळा लावून आरशाकडे पाहायचे. आरसा निर्दोष गोलीय असेल तर तो सर्वत्र सारखाच काळवंडतो, नसेल तर त्यावर तिरप्या उन्हात दिसावेत तसे उंचवटे आणि खळगे दिसतात. आरसा घासणाऱ्या प्रत्येकाला या चाचणीतील एक प्रयोग ठाऊक असतो. काचेच्या पृष्ठावर बोट काही क्षण टेकवून उचलले की त्या जागी टेकडीसारखा फुगवटा उभा राहिलेला दिसतो आणि तो विरायला काही मिनिटे लागतात. घासताना आरसा गरम होत असल्याने तो निवेपर्यंत चाचणी घ्यायची नाही, हा नियम यातूनच आला. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात हौशी मंडळींसाठी दुर्बीण बांधण्याच्या ज्या कार्यशाळा भरत आल्या, त्यांत आरशाच्या तपासणीचा आधार हीच दीडशे वर्षांपूर्वीची चाचणी असे.

चांदीच्या मुलाम्याच्या काचेचा असा एक मोठा आरसा पुण्यात त्याआधी शंभर वर्षे येऊन गेला होता. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढील काळातील अभियांत्रिकी महाविद्यालयात, जी वेधशाळा उभी राहिली, तिच्यासाठी डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याने वीस इंची परावर्ती दुर्बीण पुरवली. त्या वेळी हिंदुस्थानात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नेगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. पुण्याच्या हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांच्या तापमानात वीस अंशांच्या जवळपास अंतर पडते. युरोपातील समुद्राकाठच्या सौम्य हवेत तयार झालेल्या उपकरणांना दख्खनच्या पठारावर हा फरक रोजच्या रोज सोसावा लागे.

युरोप-अमेरिकेत त्या सुमारास मोठ्या भिंगांची चढाओढ शिगेला पोहोचली होती. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १८९७ मध्ये सुरू झालेल्या यर्कीज वेधशाळेचे चाळीस इंची वस्तुभिंग, अॅल्व्हन क्लार्क आणि पुत्र यांच्या हातचे, हे आजही वापरासाठी बांधलेल्या अपवर्ती दुर्बिणींतील सर्वांत मोठे भिंग मानले जाते. त्याचे नाभीय अंतर सुमारे १९.४ मीटर. एवढी लांब पोलादी नळी अंशामागे सुमारे पाव मिलिमीटरने आखडते, आणि या दुर्बिणीत प्रतिमा स्पष्ट राहण्याची सवलत नाभीच्या अलीकडे-पलीकडे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. म्हणजे संध्याकाळनंतर पारा दोन अंश उतरला की जुळवलेली नेत्रिका पुन्हा जुळवावी लागणार. विस्कॉन्सिनच्या कडक हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पन्नास अंशांचे अंतर धरले, तर केवळ नळीच सुमारे साडेअकरा मिलिमीटर लहानमोठी होते, भिंगाचे स्वतःचे नाभीय अंतर बदलते ते वेगळेच. भिंगांची ही शर्यत यर्कीजपाशीच थांबली. एवढ्या जड काचेला केवळ कडेने आधार देता येतो आणि ती स्वतःच्या वजनाने वाकते, हे त्याचे मुख्य कारण सांगितले जाते. पण दोन जाड काचांच्या जोडीला एकत्र निवायला लागणारा वेळ हीदेखील लहान अडचण नव्हती.

याच काळात जर्मनीतील येना गावात काचेच्या रसायनाकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. ओटो शॉट, एर्न्स्ट आबे आणि कार्ल झाइस यांच्या कारखान्याने मिळून १८८४ मध्ये तेथे काचेची प्रयोगशाळा सुरू केली. तिच्यापुढचा एक निकडीचा प्रश्न भिंगांचा नव्हताच, तापमापकांचा होता. एकदा तापवलेला तापमापक बर्फात बुडवला की शून्याखालचा आकडा दाखवी, कारण तापलेल्या फुग्याची काच पूर्वीच्या आकारमानाला लगेच परतत नसे. सोडा आणि पोटॅश ही दोन्ही द्रव्ये एकत्र असलेल्या काचेत हा दोष अधिक असतो, हे समजल्यावर शॉट यांनी एकाच क्षाराची वेगळी काच तयार केली. पुढे वाळूत बोरॉनचे संयुग मिसळून केलेली बोरोसिलिकेट काच आली. तिचे प्रसरण साध्या काचेच्या साधारण एक-तृतीयांश, त्यामुळे ती तापून एकदम गार झाली तरी सहसा तडकत नाही. या काचेने कारखान्याला पैसा मिळवून दिला तो गॅसबत्तीच्या चिमण्यांतून. चिमणीवर पावसाचा थेंब पडताच ती तडकण्याचा अनुभव महाराष्ट्रातील कंदिलाच्या पिढ्यांनाही होता, आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये उभ्या राहिलेल्या काच कारखान्याच्या प्रभाकर कंदिलाची काच घरात जपून हाताळली जाई त्यामागे हेच भौतिकशास्त्र होते. चिमणीत काच फुटते आणि दुर्बिणीत प्रतिमा फुटते. दोन्हींचे कारण काचेच्या दोन भागांतील तापमानाचा फरक हेच.

सूर्याचे वेध घेणाऱ्यांना हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने भेडसावला, कारण त्यांचा विषयच आरशाला तापवणारा होता. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर जॉर्ज एलरी हेल यांनी १९०५ च्या सुमारास जी आडवी सौर दुर्बीण बसवली, तिच्यात तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा प्रकाशाच्या वाटेत येई आणि उन्हाने आरशांचे नाभीय अंतर भराभर बदले, म्हणून पहाटे लवकर जेवढे काम होईल तेवढेच खरे. त्यावर हेल यांनी १९०८ मध्ये साठ फुटी मनोरा उभारून आरसे जमिनीपासून वर नेले आणि ते मुद्दाम जाड घेतले, जेणेकरून ऊन त्यांना सहज वाकवू शकणार नाही. वर्णपटयंत्र जमिनीखालच्या खड्ड्यात, जवळजवळ अचल तापमानात ठेवले. त्याच वर्षी त्यांना सौरडागांतील चुंबकक्षेत्राचा शोध लागला. कोडाईकनालला पुढे, १९६० च्या सुमारास, हेच सूत्र वेगळ्या रीतीने वापरले गेले: अकरा मीटर उंचीच्या मनोऱ्यावर वितळलेल्या क्वार्ट्‌झचे ६१ सेंटिमीटर व्यासाचे आरसे आणि खाली साठ मीटर लांबीचा आडवा बोगदा. जमिनीखालची हवा दिवसभर एकाच तापमानाला राहते, आणि क्वार्ट्‌झचे प्रसरण साध्या काचेच्या पंधराव्या हिश्श्याहूनही कमी असते.

माउंट विल्सनवरील शंभर इंची हूकर आरशाची कथा मात्र जाड काचेची दुसरी बाजू दाखवते. फ्रान्समधील सें-गोबँ कारखान्याने ओतलेली ही चकती १९०८ च्या अखेरीस अमेरिकेत पोहोचली, तेव्हा तिच्या पोटात बुडबुड्यांचे थर दिसले आणि हेल यांनी ती नाकारली. पुढचे ओतकामाचे प्रयत्न फसल्यावर तीच नाइलाजाने घासायला घेतली गेली. साडेचार टनांचा तो आरसा दुर्बिणीत बसवून १ नोव्हेंबर १९१७ च्या रात्री गुरू ग्रहाकडे रोखला, तेव्हा हेल आणि त्यांचे सहकारी वॉल्टर अॅडम्स यांना नेत्रिकेत एकाऐवजी सहा-सात गुरू एकमेकांवर चढलेले दिसले. आल्फ्रेड नॉइज हे इंग्रज कवी त्या रात्री तेथे उपस्थित होते. दिवसा काम करणाऱ्यांनी घुमट उघडा ठेवल्याने आरशावर ऊन पडले होते, असे चौकशीत निघाले. पण तेवढेच कारण असेल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते, कारण बुडबुड्यांच्या चकतीविषयीची शंका सर्वांच्या मनात होतीच. झोप कोणालाच आली नाही. पहाटे अडीच-तीनच्या सुमारास दोघे पुन्हा घुमटात आले आणि दुर्बीण एका तेजस्वी ताऱ्याकडे वळवली, तेव्हा नेत्रिकेत सुईच्या टोकाएवढा एकच स्वच्छ बिंदू होता. आरशात काहीही दोष नव्हता, तो फक्त निवायचा राहिला होता. याच आरशाच्या आधारे एडविन हबल यांनी दीर्घिकांची अंतरे मोजली.

त्यानंतरच्या दोनशे इंची आरशाच्या वेळी वाट पाहण्याचा जुना इलाज पुरणार नव्हता, हे हेल यांनी ओळखले होते. त्यांची पहिली पसंती क्वार्ट्‌झला होती, पण जनरल इलेक्ट्रिक कंपनीत एलिहू टॉमसन यांनी केलेल्या प्रयत्नांवर सहा लाख डॉलरांच्या आसपास खर्च होऊनही मोठी चकती तयार झाली नाही. मग काम गेले न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग कारखान्याकडे. या कारखान्याने बोरोसिलिकेट काच रेल्वेच्या सिग्नलकंदिलांसाठी तयार केली होती, कारण दिव्याने तापलेल्या काचेवर पाऊस किंवा बर्फ पडून ती फुटली की गाडीच्या चालकाला रंगच दिसत नसे. तेथील संशोधक जेसी लिटल्टन यांच्या पत्नीने १९१३ मध्ये या काचेच्या बॅटरीच्या बरणीचा कापलेला तळ ओव्हनमध्ये ठेवून त्यात केक भाजला आणि त्या केकमधून १९१५ मध्ये पायरेक्स नावाची भांडी बाजारात आली. मुंबईत १९६२ मध्ये कॉर्निंगच्या सहकार्याने सुरू झालेल्या बोरोसिलची भांडी मराठी घरांत आली, तीही याच कुळातली.

पायरेक्सचा दोनशे इंची आरसा ओतण्याचे काम जॉर्ज मॅकॉली यांच्याकडे होते. हेल यांच्या कीर्तीपुढे त्यांचे नाव काचेच्या धंद्याबाहेर फारसे घेतले जात नाही, हा अन्यायच म्हणावा लागेल. २५ मार्च १९३४ रोजी पाहुण्यांच्या गर्दीसमोर पहिली चकती ओतली जात असता साच्यातील काही ठोकळे उष्णतेने सुटून वितळलेल्या काचेवर तरंगू लागले. हे ठोकळे आरशाची मागची बाजू पोकळ, फासळ्याफासळ्यांची करण्यासाठी होते, आणि या प्रकरणातील खरी बुद्धी त्या फासळ्यांत आहे: काच कुठेही फार जाड राहू नये आणि हवा मागच्या खणांत खेळून सर्व भाग जवळजवळ एकाच वेळी निवावेत. ठोकळे बांधून धरणारे बोल्ट बदलून २ डिसेंबर १९३४ रोजी दुसरी चकती ओतली गेली. ती दहा महिने अनुशीतनात होती. मधल्या जुलैत नदीला पूर आला आणि भट्टीचे तापमान सांभाळणारी विद्युत यंत्रणा काही काळ बंद पडली, तरी चकती वाचली. १९३६ मध्ये ती आगगाडीने कॅलिफोर्नियाला गेली, आणि घासकाम दुसऱ्या महायुद्धामुळे लांबून ३ जून १९४८ रोजी पालोमार येथील दुर्बिणीचे उद्घाटन झाले.

त्याच युद्धाने भिंगांच्या प्रश्नाला वेगळी तड लावली. उंच उडणाऱ्या टेहळणी विमानांतील कॅमेरे जमिनीवर जुळवलेले असत आणि वर शून्याखाली चाळीस-पन्नास अंशांत वापरले जात, त्यामुळे छायाचित्रे पुसट येत. इंग्लंडमध्ये जे. डब्ल्यू. पेरी यांनी १९४३ मध्ये आणि अमेरिकेत डी. एस. ग्रे यांनी १९४८ मध्ये भिंगमालिकेवरील तापमानाच्या परिणामांचे गणित मांडले. त्यातून अशी रचना निघाली की वेगवेगळ्या काचांची भिंगे आणि वेगवेगळ्या धातूंची कडी यांचे बदल एकमेकांना छेद देतात आणि प्रतिमा जागची हलत नाही. अवरक्त किरणांच्या, म्हणजे अंधारात उष्णता पाहणाऱ्या, कॅमेऱ्यांत या गणिताला पर्यायच नाही. त्यांतील जर्मेनियमच्या भिंगाचा अपवर्तनांक तापमानाबरोबर साध्या काचेच्या शंभरपटींहून अधिक वेगाने बदलतो. असे शंभर मिलिमीटर नाभीय अंतराचे एकच भिंग वीस अंशांच्या फरकाने पाव मिलिमीटर सरकते.

आरशांसाठी मात्र प्रसरणच नसलेली काच शोधण्याचा मार्ग अधिक फलदायी ठरला, आणि त्याची सुरुवातही कॉर्निंगमधील एका अपघाताने झाली. १९५३ मध्ये डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ६०० ऐवजी ९०० अंशांपर्यंत तापली. आत ठेवलेली काच वितळून गेली असेल असे वाटत असता ती अपारदर्शक पांढरी झालेली निघाली आणि चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही. तिच्यात अतिसूक्ष्म स्फटिक वाढले होते. अशा काच-सिरॅमिक पदार्थात लिथियम-अॅल्युमिनियम सिलिकेटचे असे स्फटिक वाढवता येतात की जे तापल्यावर आखडतात आणि भोवतालच्या काचेचे प्रसरण भरून काढतात. शॉट कारखान्याचे झेरोडूर १९६८ मध्ये याच तत्त्वावर आले. त्याचे प्रसरण साध्या काचेच्या शंभराव्या हिश्श्याच्या घरात असते. तमिळनाडूतील कावलूर येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या वेणू बाप्पू दुर्बिणीचा २.३ मीटरचा आरसा झेरोडूरचा आहे आणि तो बंगळुरूला घासला गेला. सोव्हिएत संघाने कॉकेशसमध्ये १९७५ मध्ये उभारलेल्या सहा मीटरच्या दुर्बिणीत मात्र ४२ टनांचा बोरोसिलिकेट आरसा होता. त्याचे तापमान दिवसाला दोन अंशांहून अधिक बदलू द्यायचे नाही, हे बंधन तेथील वेधकर्त्यांना वर्षानुवर्षे पाळावे लागले, आणि त्या वेळची जगातील सर्वांत मोठी दुर्बीण कितीतरी रात्री केवळ हवा पालटली म्हणून मागे पडली.

झेरोडूरने आरसा वाकायचा थांबला, तरी भोवतालच्या हवेहून गरम राहिलेला आरसा स्वतःवरची हवा ढवळतो आणि तारा थरथरतो. म्हणून वेधशाळांचे घुमट दिवसाच रात्रीच्या अपेक्षित तापमानापर्यंत थंड करून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. जिथे हवाच नाही तिथे ही चिंता उरत नाही, पण तिथे दुसरी असते. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा बेरिलियम धातूच्या अठरा षट्कोनी तुकड्यांचा आहे आणि तो सुमारे उणे २३० अंश सेल्सियसला काम करतो. असे तुकडे घासायचे साध्या खोलीच्या तापमानात, आणि थंड झाल्यावर त्यांचा आकार बदलणार हे ठरलेले. म्हणून प्रत्येक तुकडा आधी जवळपास पूर्ण घासून अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथील शीतकक्षात नेला गेला आणि त्या थंडीत तो कुठे किती वाकतो याचा नकाशा काढण्यात आला. मग कॅलिफोर्नियात परत आणून तेवढ्याच मापाचा उलटा वाकडेपणा त्याच्यात मुद्दाम घासून आणला गेला, आणि पुन्हा थंड करून पडताळणी झाली तेव्हा, उबेत चुकीचा असलेला तो आकार थंडीत हव्या त्या मापावर आला.